चौदा फोटो आणि एक कपाट : वस्तीतल्या ओळखचोरीचं प्रकरण

(प्रकरणातल्या सगळ्या व्यक्तींची नावं बदलली आहेत. वस्ती, फायनान्स कंपन्या, दुकान आणि पोलीस ठाणं ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यातली ही वस्ती. बहुतेक बायका घरकामाला जातात, काही कंपन्यांत कंत्राटावर पॅकिंग करतात. आमची संस्था तिथल्या समाजमंदिरात आठवड्यातून एकदा कायदा सल्ला केंद्र चालवते. नवराबायकोची भांडणं, रेशनकार्डावरची नावं, थकलेला पगार असलेच प्रश्न तिथे येतात. ओळखचोरी हा शब्द २०२५ च्या आधी तिथे कुणी उच्चारला नव्हता. आम्हीही नाही.

जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे फॉर्म निघाले. महिन्याला १,५०० रुपये, वय २१ ते ६५. अंगणवाडीत रांगा लागल्या, ॲप अडकायला लागलं. ‘मुदत संपेल’ या धास्तीने बायका जिथे फॉर्म भरून मिळेल तिथे पळाल्या. वस्तीतच राहणारी, दहा वर्षांपासून सगळ्यांच्या ओळखीची एक बाई शंभर रुपये घेऊन घरी फॉर्म भरून द्यायची. तिला इथे फॉर्मवाली म्हणू. आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स तिच्याकडे द्यायची, भिंतीपुढे उभं राहून मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा, ओटीपी आला की सांगायचा. अर्जासाठी जागेवर काढलेला फोटो खरोखरच लागत होता, ओटीपीही लागत होता, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही. फक्त एक गोष्ट खटकायला हवी होती. फॉर्मवाली पॅनकार्डही मागत होती, आणि योजनेच्या कागदपत्रांच्या यादीत पॅनकार्ड नव्हतंच. ‘खातं लिंक करायला लागतं,’ असं ती सांगायची.

प्रश्न कसा समोर आला

कुसुमच्या खात्यात योजनेचे पैसे आले, पण पूर्ण दीड हजार हातात पडेनात. बँकेत विचारलं तर काउंटरवरून उत्तर मिळालं, ‘मँडेट बाउन्स झालाय, चार्ज कापला.’ मँडेट म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी. तेव्हा तिने हे विचारलं नाही, मागे रांग होती.

जानेवारी २०२५ मध्ये मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ती कर्ज मागायला गेली. अर्ज नामंजूर झाला, कारण दिलं ‘सिबिल खराब’. तिच्या नावावर महागड्या मोबाइलसाठी घेतलेलं ५४,००० रुपयांचं कर्ज होतं. बारा हप्ते, दर महिन्याला ४,५०० रुपये, आणि एकही हप्ता वेळेवर भरलेला नव्हता. कुसुमच्या हातात तेव्हा काच तडकलेला जुना फोन होता.

त्याच आठवड्यात वसुलीवाल्याचा फोन आला, तोही ती कामाला जाते त्या घरी. घरमालकिणीने स्पीकर चालू केला. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, ‘मोबाइल कुणासाठी घेतलास?’ आमच्याकडे आली तेव्हा ती या प्रश्नावरच रडत होती. चोपन्न हजारांचा विषय त्यानंतर निघाला.

फेब्रुवारी संपेपर्यंत अशा चौदा जणी समोर आल्या. कर्ज देणाऱ्या कंपन्या तीन होत्या, मोबाइलचं दुकान मात्र एकच. सगळ्यांनी फॉर्म भरला होता तो फॉर्मवालीकडेच.

या प्रकारच्या चोरीत पैसे खात्यातून जात नाहीत. एटीएममधून रक्कम गेली तर बाई त्याच दिवशी बँकेत धावते. इथे कर्ज तिच्या नावावर महिनोन्‌महिने गुपचूप साचत राहतं. उघड होतं तेव्हा कागदांवर सगळं तिचंच असतं : तिचं आधार, तिचा ओटीपी, तिचा फोटो. ‘हे मी केलं नाही’ हे सिद्ध करण्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर येतं. पोलीस ठाण्यातला पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच होता, ‘ओटीपी तुम्हीच दिलात ना?’

समोरचे पर्याय

पहिली बैठक समाजमंदिरात झाली आणि तीन तास चालली. चार मतं पुढे आली.

‘वस्तीतच मिटवा’ हे मत सगळ्यात जोरदार होतं. फॉर्मवालीच्या सासूबाई स्वतः आल्या होत्या, पदर पसरून म्हणाल्या, ‘पोरीबाळींचं घर आहे, पोलिसात नको. ती भरेल हप्ते.’ चौदापैकी सहा जणी तिच्या नात्यातल्या किंवा शेजारच्या होत्या. रोज एकाच नळावर पाणी भरायचं, तिथे तक्रार कोण करणार?

दुसरं मत, भरून मोकळं व्हायचं. रंजनाच्या नवऱ्याने तर उसने पैसे आणूनही ठेवले होते.

तिसरं, ज्या त्या बाईने आपापली तक्रार करायची.

चौथं मत आमचं होतं : सगळ्यांनी एकत्र आणि एकाच वेळी तीन आघाड्यांवर जायचं. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी हरकत, पोलिसांत गुन्हा आणि पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि वेळेवर फेडलं का याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, नोंद दुरुस्तीचा अर्ज. भारतात अशा चार कंपन्या आहेत. लोक त्या सगळ्यांना मिळून ‘सिबिल’ म्हणतात, पण सिबिल त्यातली एक. या चारपैकी प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या दोन कार्यकर्त्यांनाही नव्हतं.

निर्णय पहिल्या मताच्या बाजूने गेला. आम्ही जोर धरला नाही. बायकांचा प्रश्न आहे, त्यांचा निर्णय त्यांनी घ्यावा, या तत्त्वामागे आम्ही लपलो, असं आज वाटतं. त्या निर्णयाचा कायद्याच्या अंगाने काय परिणाम होईल, हे त्यांना नीट समजावून सांगणं आमचं काम होतं, आणि ते झालं नाही.

तडजोडीचे सहा आठवडे

फॉर्मवालीने पाच जणींना एकेका हप्त्याची रोकड दिली. पाचही जणी कंपनीच्या शाखेत गेल्या, आपल्या हाताने पैसे भरले आणि आपल्या सहीची पावती घेऊन आल्या. पुढच्या महिन्यात फॉर्मवालीचा फोन बंद लागला.

या पाच पावत्या पुढे वर्षभर आडव्या आल्या. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं : ग्राहकाने हप्ता भरला आहे, म्हणजे कर्ज मान्य आहे. जी पावती बायकांनी ‘आम्ही प्रामाणिक आहोत’ याचा पुरावा म्हणून जपून ठेवली होती, तीच त्यांच्या विरोधात वापरली गेली. या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच.

आधारगट कसा उभा राहिला

मार्चच्या मध्यावर ‘रविवारची बैठक’ सुरू झाली. आधारगट वगैरे नाव तिला कुणी दिलं नाही. सकाळी अकरा वाजता चटई टाकायची, ज्याने त्याने आपली पिशवी घेऊन बसायचं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं की बायकांना आधी समुपदेशन लागेल. त्यांना लागत होती सोबत. पोलीस ठाण्यात, बँकेत, कंपनीच्या शाखेत शेजारी बसणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून जोड्या लावल्या. कुठेही एकटीने जायचं नाही. जोडीतल्या एकीने बोलायचं, दुसरीने नाव, वेळ आणि काय उत्तर मिळालं ते वहीत लिहायचं. कुठलाही अर्ज दिला की पोच घ्यायचीच. ‘पोच घेतली का?’ हे वाक्य पुढे वस्तीत नमस्कारासारखं झालं.

प्रत्येकीचा एक पानाचा घटनाक्रम लिहिला. फॉर्म कधी भरला, काय काय दिलं, पैसे कधी कापले गेले, पहिला वसुलीचा फोन कधी आला. लिहिता न येणाऱ्या पाच जणी होत्या. त्यांचं रंजनाच्या बारावीतल्या मुलीने, पूजाने, लिहून घेतलं.

वसुलीच्या फोनांसाठी एक उत्तर पाठ केलं : ‘हे कर्ज मी घेतलेलं नाही. तक्रार क्रमांक अमुक. पुढचं लेखी कळवा.’ त्यापुढे एक शब्दही बोलायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकीने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. एकीच्या सासऱ्यांनी ते वाचून रात्री साडेनऊला आलेल्या फोनवर वसुलीवाल्याला असं काही झापलं की गल्ली गोळा झाली.

कपाट

कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी केली : कर्जाचा अर्ज, त्यासोबतचा फोटो, अर्जातला मोबाइल क्रमांक आणि वस्तूची पावती यांच्या प्रती द्या. दोन कंपन्यांनी टाळाटाळ केली. तिसरीने तीन आठवड्यांत चार जणींची कागदपत्रं पाठवली.

ते चार फोटो चटईवर शेजारी शेजारी ठेवले होते. आम्ही सह्या तपासत होतो. पूजा म्हणाली, ‘मॅडम, सगळ्यांच्या मागे तेच कपाट आहे.’

निळी भिंत, कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटावर एका कोपऱ्यातून फाटलेलं गणपतीचं स्टिकर. फॉर्मवालीचं घर. फोटो मोबाइलच्या दुकानात काढलेले नव्हते, हे लहान मुलालाही दिसलं असतं. कर्ज मात्र दुकानातल्या खरेदीचं होतं.

एकट्या कुसुमचा फोटो कंपनीच्या दृष्टीने तिच्याविरुद्धचा पुरावा होता : बघा, अर्जदार स्वतः हजर आहे. चार फोटो एकत्र आल्यावर तेच चित्र उलटं झालं. तिसरा पर्याय, म्हणजे प्रत्येकीने आपापली तक्रार, आम्ही निवडला असता तर हे कपाट कधीच कुणाला दिसलं नसतं.

पोलीस ठाण्यातही फरक पडला तो यानेच. आधीची तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर केली होती आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन केला होता. खात्यातून नुकताच पैसा गेला असेल तर तो अडवायला १९३० चा खरा उपयोग. सहा महिन्यांपूर्वीच्या कर्जात अडवायला काहीच उरलेलं नव्हतं. ठाण्यात दोनदा नकार मिळाल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधल्या तरतुदीनुसार वरिष्ठांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिला. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी लागली, सोबत भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची आणि तोतयेगिरीची. ६६सी म्हणजे दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. फॉर्मवालीसोबत दुकानातला एक कर्मचारीही आरोपी झाला. हँडसेट बाहेर विकले जात होते आणि तिला प्रत्येक फाइलमागे पैसे मिळत होते, असं तपासात पुढे आलं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर चार कर्जं होती.

एका रविवारी घरच्या पुरुषांना बोलावलं. नऊ जण आले. आम्ही भाषण केलं नाही, तोवर हाती आलेले फोटो भिंतीवर लावून ठेवले. कुसुमचा नवरा बराच वेळ त्या कपाटाकडे बघत उभा राहिला, मग बाहेर जाऊन बसला. त्या रात्री त्याने काय म्हटलं ते कुसुमने सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो तिला गाडीवर सोडायला आला, एवढं दिसलं.

आमच्याच हातून झालेली चूक

एप्रिलमध्ये आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सोय म्हणून बायका आधार, पॅन, पासबुक सगळ्यांचे फोटो त्यावर टाकू लागल्या. ग्रुपवर चौदा जणी, त्यांची मुलं, दोन नवरे आणि आम्ही तिघं होतो. आपण काय गोळा करतोय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच काळात पूजाने सगळ्यांचे ईमेल उघडून दिले आणि पासवर्ड आमच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले.

मे महिन्यात तीन जणींना एका माणसाचा फोन आला : ‘तुमचं सिबिल आठवड्यात साफ करून देतो, तीन हजार लागतील.’ त्याला नावं माहीत होती, कंपनीही माहीत होती. शोभाने पैसे पाठवले. नंबर कुठून फुटले हे सिद्ध झालं नाही. ग्रुपमधूनच गेले असं म्हणायला पुरावा नाही, पण गेलेच नाहीत असंही आम्ही छातीठोक सांगू शकत नव्हतो. एकदा फसलेल्या माणसाला ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून दुसऱ्यांदा गाठणं ही या धंद्यातली जुनीच रीत आहे. त्याबद्दल आम्ही कुणाला आधी सावध केलं नव्हतं.

ग्रुप बंद केला, रजिस्टरचं पान फाडून जाळलं, सगळ्यांनी स्वतः नवे पासवर्ड लावले. त्यानंतरचा नियम साधा आहे. कागद ज्याच्या त्याच्या पिशवीत राहतात. बैठकीच्या वहीत फक्त पहिलं नाव, तक्रार क्रमांक आणि पुढची तारीख. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहायचं : कशासाठी, कुणाला, कधी. शक्य तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार द्यायचं. सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांनी वगैरे होणारी ओळखपटवणी, लॉक केलं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही पाहिलं. दोघींच्या नावावर त्यांनी न घेतलेलं एकेक सिम निघालं.

निष्पत्ती

पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद पुसत नाही, ती कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारते. त्यामुळे दुरुस्तीचे पहिले अर्ज ‘कंपनीने नोंद बरोबर असल्याचं कळवलं आहे’ अशा उत्तराने परत आले. गुन्ह्याची प्रत आणि फोटो जोडून पुन्हा पाठवले तेव्हा ऑगस्ट २०२५ पासून नोंदी निघायला लागल्या. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दोघींनी ती मागितली, एकीला मिळाली. रक्कम छोटी होती, पण तिने त्या दिवशी बैठकीत पेढे वाटले.

चौदापैकी ज्या नऊ जणींनी एकही हप्ता भरला नव्हता, त्यांची कर्जं रद्द झाली आणि नोंदी दुरुस्त झाल्या. उरलेल्या त्या पाच पावतीवाल्या. त्यातल्या दोघींचं काम रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केल्यावर झालं. एकीची तक्रार अजून चालू आहे. दोघी कंटाळल्या आणि सेटलमेंटचे पैसे भरून बाहेर पडल्या. त्यांच्या अहवालात आता ‘बंद’ऐवजी ‘तडजोड’ अशी नोंद आहे, आणि पुढचं कर्ज मागताना ती पुन्हा आडवी येते. त्यातली एक रंजना. पूजाची आई.

कुसुमच्या मुलीचं नर्सिंगचं वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. मधल्या काळात ती वस्तीतल्या बायका जातात त्याच औद्योगिक कंपन्यांमध्ये पॅकिंगला जात होती. ही भरपाई कुठल्याच नियमात बसत नाही.

न्यायालयातला खटला सुरू व्हायचा आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच बैठकीत एक वाक्य ठामपणे सांगू : एक रुपयाही भरू नका, दुसऱ्याने दिलेला तर मुळीच नाही. वस्तीत मिटवायचं असेल तर मिटवा, पण लेखी हरकत त्याच आठवड्यात गेली पाहिजे. तडजोड आणि तक्रार एकाच वेळी चालू शकतात, हे आम्हाला उशिरा सुचलं.

कर्जाच्या अर्जाच्या प्रती पहिल्या दिवशी मागू, पोलिसांकडे जाण्याआधी. आम्ही आधी दाद मागितली आणि पुरावा मग गोळा केला.

अंगणवाडी सेविकेला आम्ही पहिले तीन महिने बैठकीत बोलावलं नाही, कारण ती ‘सरकारी’. योजनेच्या यादीत पॅन नव्हतं, हे पहिल्यांदा तिनेच सांगितलं.

पूजावर फार भार टाकला. इंग्रजी वाचता येणारी ती एकटीच होती, आणि ते तिचं बारावीचं वर्ष होतं. आता कॉलेजातली चार मुलं पाळीपाळीने येतात. पूजा येते, पण तिला वही देत नाही.

बैठक मात्र अजून चालू आहे, महिन्यातून एकदा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायच्या आधी फुकटचा पतअहवाल काढून बघायचा, असं बायकांनीच ठरवलं आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी एक म्हातारी दारात येऊन थांबली. फॉर्मवालीच्या सासूबाई. हातात कंपनीची नोटीस होती. त्यांच्याही नावावर मोबाइल निघाला होता, ३८,००० रुपयांचा. बैठकीत बराच वेळ वाद झाला. ज्यांनी पदर पसरून पोलिसात जाऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी आता कुणी पायपीट करायची, असं तिघी उघड बोलल्या. ज्यांची पावती अजून अडकली आहे ती काहीच बोलली नाही. शेवटी कुसुमनेच वही ओढली, पंधरावं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘आजी, फोटो कुठं काढला होता?’

‘घरातच की,’ म्हातारी म्हणाली. ‘कपाटापाशी.’